स्पॅमअसॅसिनचं मराठी मॅन्युअल ३.४ वरून ४.० वर न्यायचंय, सुरुवात कुठून?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. कोल्हापूर भागातल्या उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या-मशीनशॉपमध्ये जे स्वतःचा मेल सर्व्हर सांभाळतात, त्यांच्यासाठी स्पॅमअसॅसिनचं, म्हणजे नियमांच्या गुणांची बेरीज करून स्पॅम ओळखणाऱ्या फिल्टरचं, मराठी मॅन्युअल आहे. ते डेबियन ११ आणि स्पॅमअसॅसिन ३.४.६ धरून लिहिलेलं आहे. मजकूर स्फिंक्समध्ये (साध्या मजकुरातून दस्तऐवज तयार करणारं साधन), गिटवर. त्यातून एचटीएमएल आणि पीडीएफ दोन्ही निघतं. आता बहुतेकांकडे डेबियन १२ किंवा उबुंटू २४.०४ आलंय, म्हणजे स्पॅमअसॅसिन ४.०. मॅन्युअल आहे तिथंच आहे.

येणाऱ्या तक्रारी साधारण अशा: सर्व्हिस रीस्टार्टची कमांड चालत नाही. पीडीएफमधून कमांड कॉपी केली की एरर येते. शोधच्या चौकोनात मराठी शब्द टाकला तर भलतंच पान उघडतं. नियमांच्या गुणांचं कोष्टक मेलच्या हेडरमधल्या, म्हणजे मेलसोबतच्या तांत्रिक ओळींमधल्या, आकड्यांशी जुळत नाही.

प्रश्न तीन. दोन आवृत्त्यांसाठी दोन मॅन्युअल करावीत की एकातच भागवावं? नेमकं काय शिळं झालंय हे सगळी पानं न वाचता कसं शोधायचं? आणि ते गुणांचं कोष्टक ठेवायचं की उडवायचं?

---

रूट_रंकाळा

कोष्टक उडवा, आजच. नियमांचे गुण एसए-अपडेटबरोबर (नवीन नियम उतरवणारी कमांड) बदलत राहतात, छापलेला आकडा शिळा होणारच. त्याऐवजी वाचकाला जागा दाखवा: वार-लिब-स्पॅमअसॅसिन या डिरेक्टरीत आवृत्तीच्या नावाची उपडिरेक्टरी असते, तिच्यात अपडेट चॅनेलची डिरेक्टरी, आणि तिथं ७२_स्कोअर्स.सीएफ. एका नियमापुढं चार आकडे का असतात तेवढं मात्र समजावून सांगा, ते बदलत नाही. पहिला आकडा बेज (शिकवलेल्या मेलवरून अंदाज बांधणारा भाग) आणि नेटवर्क (बाहेरच्या याद्यांना विचारणारे नियम) दोन्ही बंद असताना, दुसरा फक्त नेटवर्क चालू असताना, तिसरा फक्त बेज, चौथा दोन्ही. लोक पहिला आकडा वाचतात आणि हेडरमध्ये चौथा दिसला की गोंधळतात.

त्या उपडिरेक्टरीचं नाव ३.४.६ ला ३.००४००६ असं असतं आणि ४.०.० ला ४.००००००. म्हणजे अपग्रेडनंतर जुनी अपडेट्स वाचलीच जात नाहीत, एसए-अपडेट एकदा हातानं चालवेपर्यंत पॅकेजबरोबर आलेले नियमच लागू राहतात. ही ओळ अपग्रेडच्या प्रकरणात पहिल्या पानावर पाहिजे. तिथंच हेही लिहा की एसए-अपडेटनं १ हा एक्झिट कोड दिला तर ती चूक नाही, नवीन काही नव्हतं एवढाच अर्थ. नवीन नियम उतरवून बसवले की ० येतो. म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट फक्त ० आल्यावर, दोन कमांड दोन अँपरसँडनी जोडून.

एसए-अपडेट परिशिष्टात ढकललं असेल तर पुढं आणा. १ जानेवारी २०१० ला काय झालं ते उदाहरण म्हणून देता येईल. 'तारीख फार पुढची आहे' असं ओळखणाऱ्या नियमात २०१० आणि पुढची सगळी वर्षं बसत होती. वर्ष उजाडलं आणि धडधाकट मेलवर तीनच्या वर गुण चढू लागले. स्पॅम ठरवायची मर्यादा पाचची. दुरुस्ती एसए-अपडेटमधूनच आली, आणि ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांच्याकडे मेल अडकत राहिले.

आता शिळं कसं शोधायचं. वाचत बसू नका, मशीनला वाचू द्या.

स्पॅमअसॅसिनचं मूळ दस्तऐवज परलच्या मॉड्यूलमध्येच पॉड स्वरूपात असतं. कॉन्फ मॉड्यूलचा पॉड काढा, त्यातल्या 'आयटम' ओळींमधून पर्यायांची नावं वेगळी करा. तेवढ्यावर भागणार नाही, कारण प्लगिनचे पर्याय ज्याच्या त्याच्या फाइलमध्ये असतात: ओके_लँग्वेजेस टेक्स्टकॅटमध्ये, शॉर्टसर्किट त्याच्या स्वतःच्या प्लगिनमध्ये. म्हणून प्लगिनची अख्खी डिरेक्टरी चाळा. मग तुमच्या मॅन्युअलमधल्या कोड ब्लॉकमधून ओळीचा पहिला शब्द काढा आणि दोन याद्या ताडून बघा. मूळ यादीत नसलेला पर्याय सापडला की बिल्ड थांबला पाहिजे. ही वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट होते, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तीच चालते.

दुसरी पायरी: कॉन्फिगचे नमुने पानात टाइप करून ठेवू नका. प्रत्येक नमुना वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि स्फिंक्सच्या लिटरलइन्क्लूडनं पानात ओढा. म्हणजे तीच फाइल कंटेनरमध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या छोट्या लिनक्समध्ये) घालून स्पॅमअसॅसिनच्या लिंट या कॉन्फिग तपासणाऱ्या पर्यायानं तपासता येते. इथं एक खड्डा आहे. साइट-कॉन्फिग-पाथ म्हणून नुसती नमुन्याची डिरेक्टरी दिली तर डॉट-प्री फाइल सापडत नाहीत, प्लगिन लोडच होत नाहीत आणि बरोबर ओळीसुद्धा चुकीच्या ठरतात. आधी इटीसी-स्पॅमअसॅसिनमधल्या सगळ्या डॉट-प्री फाइल त्या डिरेक्टरीत कॉपी करा, मग लिंट. कंटेनर दोन ठेवा: डेबियन ११ आणि १२.

लिंटला व्याकरण कळतं, शहाणपण कळत नाही, हे मात्र धरून चाला. त्याचं उदाहरण खाली कुणीतरी देईलच.

---

कागल_नाका

देतो की. व्हाइटलिस्ट_फ्रॉम, म्हणजे ठरावीक पत्त्यांना सूट देणारा पर्याय. लिंट त्याला खुशाल पास करतं, आणि मॅन्युअलमध्ये तोच नमुना असेल तर घातक आहे. तो फ्रॉमसारखे नुसते लिहिलेले पत्ते बघतो, आणि फ्रॉम कुणीही खोटा लिहू शकतो. वजा १०० गुण मिळाले की वरचे सगळे नियम फुकट. फौंड्रीचा मालक सांगतो, 'आमच्या गिऱ्हाइकाचं डोमेन कधी अडवू नको.' ॲडमिन ही ओळ टाकतो. मग त्याच डोमेनच्या नावानं 'बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट इकडं करा' असा मेल थेट अकाउंट्सच्या इनबॉक्समध्ये.

नमुन्यात व्हाइटलिस्ट_ऑथ ठेवा. ४.० मध्ये त्याचं नाव वेलकमलिस्ट_ऑथ. एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पडताळायच्या खुणा, जुळल्या तरच ते सूट देतं. समोरच्या डोमेनला दोन्ही नसेल तर व्हाइटलिस्ट_फ्रॉम_आरसीव्हीडी, त्यात पाठवणाऱ्या सर्व्हरचं नावही द्यावं लागतं.

नावांचं म्हणाल तर ४.० मध्ये पर्यायांची जुनी नावं अजून चालतात, त्यामुळं जुनी लोकल.सीएफ (स्वतःच्या सेटिंगची फाइल) मोडत नाही. नियमांच्या नावांचं तसं नाही. हेडरमध्ये जुनं नाव येणार की नवं, हे इनिट.प्री मध्ये वेलकमलिस्ट_ब्लॉकलिस्टची इनेबल_कॉम्पॅट ओळ आहे की नाही त्यावर ठरतं. कुणी जुन्या नियमाच्या नावावर स्कोअरची ओळ किंवा मेटा (दुसऱ्या नियमांवर बेतलेला) नियम लिहिला असेल तर तो गप्प बसून निकामी होतो. मॅन्युअलमध्ये दोन्ही नावं शेजारी-शेजारी द्या, हेडरमध्ये दिसतात तशीच, जशीच्या तशी. वाचक तीच कॉपी करून शोधणार.

आणि जुन्या डॉट-प्री फाइलमध्ये हॅशकॅशची लोडप्लगिन ओळ राहिली असेल तर ती काढायला सांगा. ४.० मधून ते प्लगिनच गेलंय.

---

पेटाळा_पर्ल

दोन मॅन्युअल करू नका. सुरुवातीला बरं वाटतं, पुढं एका प्रतीत केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रतीत जात नाही आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात. एकच मजकूर, आणि जिथं फरक तिथं स्फिंक्सचे व्हर्जनॲडेड, व्हर्जनचेंज्ड, डेप्रिकेटेड हे निर्देश. कॉन्फिग नमुन्यातसुद्धा भागतं: स्पॅमअसॅसिनच्या फाइलमध्ये इफ व्हर्जन अशी अट घालता येते, त्यामुळं एकाच नमुन्यात दोन्ही आवृत्त्या बसतात. अटीत आवृत्ती ४.०००००० अशी सहा दशांशांत लिहायची.

फरक स्पॅमअसॅसिनपेक्षा डेबियनमध्ये जास्त आहेत, तुमची पहिली तक्रार तिथलीच. डेबियन १२ मध्ये स्पॅमडी (सतत चालू राहून मेल तपासणारा प्रोग्राम) वेगळं पॅकेज झालंय आणि सर्व्हिसचं नावही स्पॅमडी. 'रीस्टार्ट स्पॅमअसॅसिन' चालणार नाही. रोजच्या अपडेटसाठी इटीसी-डिफॉल्टमध्ये क्रॉन=१ लिहायची जुनी पद्धतही गेली, तिथं आता सिस्टमडीचा स्पॅमअसॅसिन-मेंटेनन्स टायमर आहे, तो चालू करायचा. म्हणून सर्व्हिस, पाथ, युजर यांची एक पाटी दर प्रकरणाच्या डोक्यावर लावा. बाकी मजकुरात 'सर्व्हिस रीस्टार्ट करा' एवढंच लिहा आणि पाटीकडे दुवा द्या. पुढच्या डेबियनला फक्त पाटी बदलावी लागेल.

अमाविसवाल्यांसाठी (अमाविस हा स्पॅमअसॅसिनला स्वतःच्या आतून चालवणारा मेल फिल्टर) पाटीवर एक ओळ जास्त लागते: लोकल.सीएफमधला रिक्वायर्ड_स्कोअर आणि रीराइट_हेडर तिथं लागू होत नाहीत, अमाविसच्या स्वतःच्या मर्यादा चालतात. ही ओळ नसेल तर निम्मे प्रश्न याच एका गोष्टीचे येतात.

---

कागल_नाका

पेटाळा, एक शंका. ४.० मध्ये कॅरेक्टर सेट आपोआप यूटीएफ-८ करण्याचं सेटिंग आता मुळातच चालू असतं. ३.४ मध्ये ते बंद असायचं. कुणी जुन्या एन्कोडिंगच्या बाइट्सवर नियम लिहिले असतील तर ते ४.० वर जुळणार नाहीत. इफ व्हर्जननं हे झाकायचं का?

---

पेटाळा_पर्ल

नको. ३.४ वाल्यांना नॉर्मलाइझ_कॅरसेट १ करायला सांगा आणि नियम यूटीएफ-८ धरूनच लिहा. मग दोन्हीकडे एकच नियम चालतो. देवनागरी विषयओळीवर नियम लिहिणाऱ्यांना तर दुसरा मार्ग नाही.

---

शाहूपुरी_सिव्ह

पीडीएफ आणि शोध, हे दोन माझ्याकडून.

कॉपी केल्यावर एरर येते त्याची कारणं बहुधा तीन. पहिलं, स्फिंक्सचं स्मार्टकोट्स. कमांड कोड ब्लॉकमध्ये नसून वाक्यात साधी लिहिली असेल तर दोन हायफनचा एक लांब डॅश होतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. कॉन्फ.पीवाय मध्ये स्मार्टकोट्स फॉल्स करा. दुसरं, देवनागरी अंक. मराठी कीबोर्डवरून मर्यादा ५.० लिहिली तर वाचायला छान, परलला मात्र तो आकडा समजत नाही. तिसरं आणि छळणारं, शून्य रुंदीचा जोडक. मराठी टाइप करताना तो नकळत येतो, डोळ्यांना दिसत नाही, पर्यायाच्या नावाला चिकटला की 'ओळ वाचता आली नाही' एवढंच उत्तर येतं. उपाय सोपा: नमुना फाइलींमध्ये आस्कीबाहेरचं एकही अक्षर आढळलं तर बिल्ड बंद. देवनागरी विषयओळीच्या नियमांचे नमुने असतील तेवढ्या फाइली नावानिशी वगळा.

पीडीएफ पीडीएफलाटेकनं काढत असाल तर देवनागरी नीट निघणार नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक इंजिन लावा, फाँट नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता. फाँट बदलला की 'फौंड्र्या', 'दुसऱ्या', 'सर्व्हर' हे शब्द असलेलं एक पान डोळ्यांनी तपासा, जोडाक्षरं आणि अर्धा र तिथंच बिघडतात. कोडसाठी मोनोस्पेस फाँट वेगळा द्या, आणि लांब ओळी नमुना फाइलमध्येच तोडा. पीडीएफनं आपोआप तोडलेली ओळ कॉपी केली की दोन कमांड होतात.

शोधाचं दुखणं खोल आहे. स्फिंक्स शब्द वेगळे काढायला पायथनचा रेग्युलर एक्स्प्रेशन वापरतो, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे शब्दाचा भाग धरले जात नाहीत. 'नियम' टाकलं की 'न' आणि 'यम' असे तुकडे. म्हणून भलती पानं उघडतात. स्वतःचा सर्चलँग्वेज वर्ग लिहून त्यातलं स्प्लिट बदलता येतं, पण ब्राउझरमधलं जावास्क्रिप्टही त्याच रीतीनं तोडतं, तेव्हा जेएस_स्प्लिटर_कोडही द्यावं लागतं. एका बाजूनं केलं तर काहीच सापडत नाही. ते झाल्यावरही 'फिल्टर' शोधला तर 'फिल्टरमध्ये' सापडेलच असं नाही, विभक्ती तोडणारा कुणी नाही तिथं. मला विचाराल तर एवढी खटपट नंतर करा. ॲडमिन शोधतो ते पर्यायाचं नाव, नियमाचं नाव किंवा एररची ओळ. ही तिन्ही इंडेक्स निर्देशानं नोंदवा आणि शेवटी 'हेडरमध्ये हे दिसलं तर' असं एक पान करा.

त्या पानावरची पहिली नोंद सांगतो: यूआरआयबीएल_ब्लॉक्ड. म्हणजे मेल वाईट आहे असं नाही, वाईट दुव्यांच्या ऑनलाइन यादीकडे केलेली तुमची विचारणाच नाकारली गेली. सर्व्हर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक डीएनएस वापरत असेल तर हे होतं, कारण हजारो लोकांच्या विचारणा एकाच पत्त्यावरून जातात. स्पॅमहाउसचंही (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या ठेवणारी संस्था) तसंच: १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर आलं तर सार्वजनिक रिझॉल्व्हर, १२७.२५५.२५५.२५५ आलं तर विचारणा जास्त झाल्या, १२७.२५५.२५५.२५२ आलं तर यादीचं नाव चुकीचं टाइप केलंय. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये यादीच्या नावापुढं परतीच्या पत्त्याची मर्यादा घातली नसेल तर ही उत्तरंसुद्धा 'यादीत आहे' अशी धरली जातात आणि येणारा प्रत्येक मेल परत जातो. मॅन्युअलच्या नमुन्यात स्पॅमहाउसच्या झेन यादीपुढं १२७.०.०.[२..११] ही मर्यादा असलीच पाहिजे. उपाय म्हणून त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, आणि त्यात फॉरवर्डर (विचारणा दुसऱ्या डीएनएसकडे ढकलणारी ओळ) न घालता. फॉरवर्डर घातला की पुन्हा तेच.

---

रूट_रंकाळा

नमुन्यातल्या पत्त्यांवरून आठवलं. खरं डोमेन आणि खरा आयपी कुठंही नको. एक्झाम्पल.कॉम, एक्झाम्पल.ऑर्ग ही नावं आरएफसी २६०६ नं याचसाठी राखलीत. आयपीसाठी १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ आणि २०३.०.११३.०/२४. लोक नमुना न बदलता चिकटवतात, मग कुणाचे तरी अहवाल अनोळखी माणसाच्या दारात जातात.

आणि जीट्यूब. तो ६८ अक्षरांचा चाचणी मजकूर पानात छापू नका. त्याला १००० गुण आहेत. गिटचा बदल मेलनं कळवण्याची सोय असेल तर ज्या बदलात ती ओळ असेल तो मेल तुमच्याच फिल्टरमध्ये जातो आणि परीक्षकाला काही कळत नाही. पॅकेजच्या उदाहरणांत सॅम्पल-स्पॅम.टीएक्सटी असते, तिच्यावर टी पर्यायानं चाचणी घ्यायला सांगा.

---

उद्यमनगरी

लय उपयोगी. डेबियन १२ चा कंटेनर आणि पर्यायांची यादी ताडायचं काम या आठवड्यात हाती घेतो, कोष्टक काढलंच.

आता बेजचं प्रकरण. त्यात 'एसए-लर्न (बेजला मेल शिकवणारी कमांड) चालवा' एवढंच आहे आणि तिथूनच सगळ्यात जास्त फोन येतात: 'शिकवलं तरी फरक पडत नाही.' शिवाय ऑफिसातल्या लोकांसाठी एक पान हवंय, ज्यांना टर्मिनल माहीत नाही. त्यात काय असावं?

---

पेटाळा_पर्ल

फरक न पडण्याची कारणं या क्रमानं लिहा, कारण तपासायलाही हाच क्रम सोयीचा.

आधी डेटाबेस कुणाचा. रूट होऊन शिकवलं तर शिकवण रूटच्या होम डिरेक्टरीत जाते आणि मेल तपासणारा युजर वेगळाच, डेबियन-स्पॅमडी किंवा अमाविस. दोघांचे डेटाबेस वेगळे. एसए-लर्नचा डंप मॅजिक पर्याय दोन्ही युजरनी चालवून एनस्पॅम आणि एनहॅम (शिकवलेले स्पॅम आणि चांगले मेल किती) हे आकडे ताडायला सांगा. मग संख्या: २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय बेज तोंडच उघडत नाही. बहुतेक जण स्पॅम हजारांनी शिकवतात आणि चांगले मेल विसरतात. कोटेशन, ड्रॉइंगचे मेल, जीएसटी बिलं, ट्रान्सपोर्टचे मेल, हे सगळं हॅम, म्हणजे चांगला मेल, म्हणून द्यायचं असतं.

मग ऑटोलर्न, म्हणजे फिल्टरनं आपोआप शिकणं. हेडरमध्ये १३ गुण दिसतात आणि शेजारी ऑटोलर्न=नो. मर्यादा १२ ची आहे, पण त्यासाठी धरलेली बेरीज बेज वगळून, वेगळ्या गुणसंचानं होते. शिवाय किमान ३ गुण हेडरमधून आणि ३ मजकुरातून यावे लागतात. एवढं लिहिलंत की तो फोन बंद.

आणि हेडरच आला नाही तर? स्पॅमसी (स्पॅमडीकडे मेल देणारा प्रोग्राम) ५०० केबीच्या वरचा मेल तपासतच नाही, तसाच पुढं सोडतो. कास्टिंगची ड्रॉइंग जोडलेला मेल सहज त्याच्या वर जातो. मर्यादा वाढवता येते, पण मेमरी आणि वेळ दोन्ही वाढतात.

---

शाहूपुरी_सिव्ह

ऑफिसचं पान अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका. स्पॅम आला तर डिलीट करू नका, जंकमध्ये हलवा. चांगला मेल जंकमध्ये गेला तर इनबॉक्समध्ये परत आणा. 'हा स्पॅम आहे' म्हणून ॲडमिनला फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड केला की मूळ हेडर जातात आणि शिकवायला काही उरत नाही. पाठवायचाच तर अटॅचमेंट म्हणून.

पानावर वर ठळक लिहा की हे फक्त आयमॅपवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचे मेल फोल्डर सर्व्हरवरच असतात त्यांच्यासाठी. पॉप३ लावलेल्या आउटलुकमध्ये जंक फोल्डर त्याच्याच कॉम्प्युटरवर असतो, सर्व्हरला काहीच कळत नाही.

मागच्या बाजूला डव्हकॉट या आयमॅप सर्व्हरचं आयमॅपसिव्ह (मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलला की स्क्रिप्ट चालवणारं प्लगिन) लागतं, ते ॲडमिनच्या भागात. जंकमधून बाहेर हलवलेला मेल हॅम म्हणून शिकवणाऱ्या सिव्ह स्क्रिप्टमध्ये 'ट्रॅशमध्ये गेला असेल तर थांब' ही अट असलीच पाहिजे. ती नसेल तर जंक साफ करणारा प्रत्येक माणूस सर्व्हरला रोज शिकवतो की हा स्पॅम चांगला मेल आहे. डव्हकॉटचा नमुना २.३ चा असेल तर तसं नोंदवा, २.४ मध्ये कॉन्फिगची मांडणी बदलली आहे आणि जुनी फाइल तशीच घातली तर सर्व्हिस उठत नाही. त्याची पाटी वेगळी करा, डेबियनच्या पाटीत मिसळू नका.

---

उद्यमनगरी

ट्रॅशची अट आमच्या नमुन्यात नाही. आज तीच आधी घालतो, बाकी नंतर.

---

शाहूपुरी_सिव्ह

घातल्यावर सिव्हसीनं कंपाइल करून ठेवा. ग्लोबल स्क्रिप्टच्या डिरेक्टरीत मेल युजरला लिहायचा हक्क नसतो, त्यामुळं कंपाइल केलेली फाइल त्याला साठवता येत नाही, आणि दर मेल हलवताना लॉगमध्ये परवानगीची तीच एरर पडत राहते.